तासाला दहा मिनिटं

"तुमच्याकडे किती वाजले हो?" असं कुंपणापलीकडून वहिनींनी विचारलं की ओळखावं, त्यांना वेळ नको आहे, ऐकणारं माणूस हवं आहे. नाहीतर ज्या घरात भिंतीवर, शोकेसवर, टीव्हीच्या वरच्या फळीवर आणि आता तर ओट्यावरही घड्याळ आहे, त्या घरच्या बाईने शेजारी वेळ विचारायचं कारण काय?

"साडेचार," मी म्हटलं.

"बघा! आमच्याकडे हॉलमध्ये चार पस्तीस, देवघरापाशी चार वीस, आणि ओट्यावरच्या नव्या पाहुण्यात एक."

"एकला बंद पडलं असेल."

"बंद कुठलं! सेकंदकाटा गरगरतोय. काल दिवेलागणीला, बरोबर साडेसातला, ह्यांनी मोबाइल समोर धरून लावलं. आज बघते तर एक. शेजारधर्म म्हणून सांगते, कोणाला बोलू नका, पण ह्यांचं आता फार झालं."

कोणाला बोलू नका म्हणजे सगळ्या नरपड गावाला सांगा, हे मला एव्हाना कळतं. वहिनी चिकू निवडत होत्या. मोठे एकीकडे, बारीक एकीकडे, आणि बोलणं चालूच.

प्रकरण असं. त्यांच्या नणंदेचा मुलगा न्यू जर्सीत असतो. मामाला जुन्या अमेरिकन घड्याळांचं वेड, हे त्याला ठाऊक. तिकडे कोणी घर आवरायला काढलं की अंगणात जुनं सामान मांडून विकतात. त्यात त्याला हे टेलिक्रॉनचं घड्याळ मिळालं, फिक्या हिरव्या रंगाचं, स्वयंपाकघरात ठेवायचं. पोटात ना चावी, ना सेल, ना लंबक. मागून फक्त एक वायर आणि दोन चपट्या पिनांचा प्लग. भाऊजी काही अडाणी नाहीत. अमेरिकेत 120 व्होल्ट, आपल्याकडे 230, सरळ लावलं तर गुंडाळी जळेल, एवढं त्यांना माहीत. म्हणून त्यांनी बोईसरहून चांगला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. घड्याळ लागलं, मंद गुणगुणायला लागलं, भाऊजी खूश. आणि तासाभरात दहा मिनिटं मागे!

"मग तलासरीहून ते घड्याळजी चाचा आले. उघडलं, पुसलं, कानाला लावलं. म्हणाले, ह्यात मी दुरुस्त करण्यासारखं काही नाहीच. चहा पिऊन गेले."

चाचांनी पैसे घेतले नाहीत, ही बातमी मी मनात टिपून ठेवली. असे कारागीर उरलेत कुठे?

उलगडा केला तो मसोलीच्या काकांनी. ते डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. विजेबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाजच बदलतो. वहिनींनी त्यांची नक्कल इतकी हुबेहूब केली की मला ते समोर उभे दिसले. "अहो, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवील, सायकल कशी चढवील? अमेरिकेची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, आपली पन्नास. ह्या घड्याळातली मोटर फक्त हेलकावे मोजते. साठ मोजले की तिच्या लेखी सेकंद झाला. इथे साठ मोजायला तिला एक पूर्णांक दोन सेकंद लागतात. हिशेब करा."

हिशेब सोपा आहे. खऱ्या तासाला तिची पन्नासच मिनिटं होतात. दिवसाचे वीसच तास. काल साडेसातपासून आज साडेचारपर्यंत एकवीस तास झाले, म्हणजे दोनशेदहा मिनिटं गेली, साडेतीन तास. साडेचारातून साडेतीन वजा, उरला एक. घड्याळ अगदी प्रामाणिकपणे चुकत होतं.

"दिवस वीस तासांचा असेल तर माझ्याही कामातले चार तास कमी करा म्हणावं," वहिनी म्हणाल्या आणि एक पिकलेला चिकू माझ्या हातावर ठेवला.

टेलिक्रॉनची ही हेलकावे मोजायची युक्ती हेन्री वॉरन नावाच्या अमेरिकन माणसाची. आधी त्याने बॅटरीवरची घड्याळं करून पाहिली, ती नीट चालेनात. मग त्याने विजेच्या हेलकाव्यांवर फिरणारी छोटी मोटर केली. पण अडचण अशी की त्या काळी वीजघरातली यंत्रं मनाला येईल त्या वेगाने फिरत. दिव्याला त्याचं काही नसतं, घड्याळाला असतं. मग गड्याने काय केलं, तर वीजघरच सुधारलं! 1916 च्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या एका वीज केंद्रात त्याने आपलं मुख्य घड्याळ बसवलं. एका तबकडीवर दोन काटे: एक लंबकाच्या वेळेनं चालणारा, दुसरा तिथल्याच विजेवर. केंद्रातल्या माणसाने एवढंच बघायचं की दोन्ही काटे एकावर एक राहताहेत. विजेचा काटा मागे पडला की यंत्राचा वेग किंचित वाढवायचा. झालं, सगळ्या शहराच्या तारांतून विजेबरोबर वेळही घरोघर जायला लागली. दुसऱ्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकने त्याच्या कंपनीत वाटा घेतला. टेलिक्रॉनच्या तबकडीवर एक छोटं भोक असतं. वीज जाऊन आली की त्यात तांबडा ठिपका दिसतो. म्हणजे घड्याळच सांगतं, माझ्यावर आता भरवसा ठेवू नका. माणसांना असा ठिपका असता तर लग्नं जुळवणं किती सोपं झालं असतं, असं वहिनी म्हणाल्या. त्यांच्या मनात कोण होतं ते मला कळलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणखी एक गंमत काकांनीच सांगितलेली. लॉरेन्स हॅमंडनेही 1928 मध्ये अशाच मोटरीच्या घड्याळांची कंपनी काढली. त्याची सुरुवातीची घड्याळं आपली आपण सुरू होत नसत. मागची घुंडी फिरवून धक्का द्यावा लागे. मग घड्याळांचा बाजार पडला, तेव्हा त्याच एकसुरी फिरणाऱ्या मोटरीवर त्याने बाजाची पेटी केली. 1935 चा हॅमंड ऑर्गन तो हाच. साठ सायकलचा तो ऑर्गन पन्नासवर लावला तर बिचारा बेसूर, खालच्या पट्टीत गाईल. घड्याळ निदान गप्प तरी असतं!

आता डहाणूकरांनी जरा कान द्यावा असा भाग. खाडीकाठच्या त्या केंद्रात 250 मेगावॅटचे दोन संच आहेत, 1995 पासूनचे. त्यांची वीज जाते मुंबईच्या उपनगरांत. धूर आणि वाद आमच्या वाट्याला, हे इथल्या प्रत्येक चिकूवाल्याच्या तोंडी आहे. 1991 मध्ये केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं, ते रामायण वेगळं. सांगायचं ते एवढंच की त्या संचांचं टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतं. तीन हजारांना साठाने भागा: सेकंदाला पन्नास. आपले पन्नास हेलकावे तिथून येतात. आणि डहाणूचंच टर्बाइन नव्हे. 2013 च्या 31 डिसेंबरला दक्षिणेची ग्रिड जोडली गेल्यापासून देशाच्या ग्रिडवरची सगळी जनित्रं एकाच तालात फिरतात. वहिनींच्या ओट्यावरचा तो हिरवा पाहुणा ह्या अवाढव्य वरातीच्या शेवटी बँडमागे नाचणारं शेंबडं पोर आहे.

म्हणजे पन्नास सायकलचंच विजेचं घड्याळ आणलं तर प्रश्न मिटला? निम्मा. मागणी वाढली की हेलकावे मंदावतात, घटली की चढतात. ग्रिडसाठी ठरलेला पट्टा 49.90 ते 50.05 हर्ट्‌झ. समजा ही फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाचे हेलकावे, दिवसभर 49.90 च राहिली, तर घड्याळ जवळजवळ तीन मिनिटं मागे पडेल. पूर्वी तर हा पट्टा फारच सैल होता. 2002 च्या जुलैत पश्चिम विभागात फ्रिक्वेन्सीशी बांधलेला दर आला, तेव्हा कुठे शिस्त लागली. त्यावर भारनियमन. अशा विजेवर कोण घड्याळ लावणार? आपल्याकडे चावीवरून माणसं थेट सेलवर आली, मधली ही विजेची पायरी आपण चढलोच नाही. मोरबीच्या कारखान्यांनी सेलची घड्याळं इतकी स्वस्त केली की चढायची गरजही उरली नाही.

"मग ह्याचं करायचं काय? शोभेला ठेवायचं?"

दोन उपाय आहेत. टेलिक्रॉनची यंत्रपेटी, ज्याला रोटर म्हणतात, ती पन्नास सायकलचीही निघत असे. शोधली तर मिळते, बाहेरची पेटीही तीच राहते. नाहीतर साठ सायकलची वीज तयार करून देणारा छोटा इन्व्हर्टर बसवायचा. दोन-तीन वॅट खाणाऱ्या घड्याळासाठी एवढा खटाटोप! भाऊजी करतील, मला शंका नाही. पण वायर आधी बदला, असं मी कुंपणावरून ओरडून सांगितलं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या वायरीवरचं रबर हाताला लागताच भुगा होतं. आणि अंधारात चमकणारे काटे असतील तर खरवडायला जाऊ नका. त्या काळात त्या रंगात रेडियम असे. कनेक्टिकटच्या वॉटरबरीत आणि न्यू जर्सीत तो रंग भरणाऱ्या मुली कुंचला ओठांनी टोकदार करत, आणि त्यापायी कितीतरी जणी गेल्या.

खरं सांगायचं तर भाऊजींच्या संग्रहातलं माझं आवडतं घड्याळ हे नव्हेच. शोकेसवरचं काळं, खांबांचं, पितळी पायांचं सेथ थॉमस बघायला मी साखर मागायच्या निमित्तानेही जाते. लांबून काळा संगमरवर वाटतो, पण आत लाकूड आणि वर सेल्युलॉइडचा पातळ पत्रा. अमेरिकेत ही घड्याळं शेकोटीच्या वरच्या फळीवर बसायची. डहाणूत शेकोटी कुठली? इथे ती फ्रेम केलेल्या लग्नाच्या फोटोशेजारी बसली.

घोलवड-बोर्डीकडच्या जुन्या पारशी आणि इराणी बंगल्यांत अशी घड्याळं असणं हे काही नवल नाही. पारशी धर्मात दिवसाचे पाच गेह, प्रत्येकाची प्रार्थना वेगळी. वेळ सांभाळणं हे तिथे नुसतं शिस्तीचं काम नव्हतं. शिवाय हौस. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या भिंतीवरच्या घड्याळांखाली ज्यांनी बनमस्का खाल्ला आहे त्यांना ती ओळखीची वाटतील: अन्सोनिया, सेथ थॉमस, वॉटरबरी, न्यू हेवन, इंग्रॅहम. बहुतेक सगळी एकाच राज्यातली, कनेक्टिकटची. तिथे पितळेचे कारखाने होते, आणि पितळेचा पत्रा ठोकून चक्रं पाडली की घड्याळ स्वस्त होतं, हे चॉन्सी जेरोमने दाखवलं. 1842 मध्ये त्याने इंग्लंडला माल धाडला, तो इतक्या कमी किमतीचा की जकातवाल्यांना वाटलं, कर चुकवायला खोटी किंमत लिहिली आहे. नियमाप्रमाणे त्यांनी लिहिलेल्या किमतीवर दहा टक्के जास्त देऊन सगळा माल स्वतःच विकत घेतला. जेरोमने लगेच दुसरा धाडला, तोही घेतला. तिसऱ्या खेपेला साहेबांच्या लक्षात आलं की आपण ह्या माणसाचं ठोक गिऱ्हाईक झालो आहोत. वहिनींना ही गोष्ट इतकी आवडली की त्या म्हणाल्या, आमच्या चिकूला असा एखादा जकातवाला मिळवून द्या.

अन्सोनियाचा शेवट मात्र चटका लावणारा. 1929 मध्ये कंपनीची यंत्रसामग्री सोव्हिएत सरकारने घेतली आणि ती मॉस्कोला गेली. वॉटरबरीचं नशीब बरं. तिचीच पुढे टायमेक्स झाली.

जुन्या बंगल्यांतल्या घड्याळांत एक भानगड आणखी असे. 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबई शहराने आपली मुंबई टाइम 1955 पर्यंत सोडली नाही. फरक 39 मिनिटांचा. गाडी एका वेळेची, शहराचं घड्याळ दुसऱ्या वेळेचं. मुंबईला घर आणि डहाणूला वाडी असलेल्या शेठजींनी कोणतं घड्याळ कुठे लावायचं? मला वाटतं, वहिनींच्या घरी आज चालतं तसंच चालत असणार.

आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्या काळात सावकार-जमीनदारांच्या बंगल्यांत असे टोले पडत, त्या काळात वारल्यांच्या वेठीला तास नव्हते. उजाडल्यापासून अंधारापर्यंत, आणि मालकाने हाक मारली की रात्रीही. 1945 च्या मे महिन्यात तलासरीतल्या झरीला हजारो वारली जमले, पुढाऱ्यांत गोदावरी आणि शामराव परुळेकर होते, आणि वेठ करायची नाही असं ठरलं. वहिनी ह्यावर गप्प झाल्या. त्यांच्याकडे कामाला येणारी मावशी झरीकडचीच आहे, आणि ती बरोबर पाचला घरी जाते. आमच्या गल्लीत तिच्याइतकं अचूक घड्याळ दुसरं नाही.

"ते जाऊ द्या, टोल्यांचं सांगा," मी विषय बदलला. कारण रात्री तीनला त्यांच्याकडे अकरा टोले पडतात आणि ते मलाही ऐकू येतात.

हा दोष घड्याळाचा नसतो. बऱ्याच जुन्या अमेरिकन घड्याळांत टोल्यांचं चाक आपल्या क्रमाने पुढे जातं: एक, दोन, तीन. काटा कुठे आहे, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बंद पडलेलं घड्याळ कोणी टोले पुरे होऊ न देता घाईने पुढे सारलं की जोडी फुटली. मग मोठा काटा बारावर आणायचा, टोले मोजायचे, काटा हलकेच आठ-नऊच्या मध्ये मागे न्यायचा, पुन्हा बारावर आणायचा. दर खेपेला पुढचा आकडा पडतो. तीनला अकरा पडत असतील तर बारा, एक, दोन, तीन असं करत यायचं. भाऊजींना हे माहीत आहे. पण नातवाला टोले ऐकायला आवडतात आणि तो काटा फिरवतो, हे त्यांना माहीत नाही. मी पाहिलं आहे. सांगणार नाही.

वेळ मागे-पुढे होत असेल तर तबकडीत बाराच्या वर एक बारीक चौकोनी टोक दिसतं. चावीचं लहान तोंड त्यासाठीच असतं. ते फिरवलं की लंबक लांब-आखूड होतो. आखूड केला की घड्याळ पळतं. आणि टिकटिक लंगडी ऐकू आली तर यंत्र नव्हे, शोकेस वाकडं आहे, असं आधी समजावं. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली की बहुतेक वेळा काम होतं. खोबरेल मात्र घालू नये. थंडीत ते गोठतं, उन्हाळ्यात धूळ धरतं, आणि मग चाचांना तलासरीहून यावं लागतं.

आपल्या समुद्राचा वारा ह्या घड्याळांना मानवत नाही. पोलादी स्प्रिंगला खारी हवा लागली की गंज धरतो, आणि भरल्या चावीची गंजकी स्प्रिंग तुटली तर चक्राचे दातही घेऊन जाते, जवळ बोट असेल तर तेही. जोडलेलं लाकूड पावसाळ्यात सुटतं. म्हणून खिडकीशेजारी ठेवू नये, आणि मुलांना दाखवायला म्हणून मागची यंत्रपेटी उघडू नये.

घ्यायचं कुठून, हे मला दोघीतिघींनी विचारलं, म्हणून सांगते. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर अजून मिळतात, पण डोळे उघडे ठेवून घ्या. तिथे पेटी एका कंपनीची, यंत्र दुसरीचं आणि तबकडी कालच छापलेली, असं लग्न लावून देतात. मागचं दार उघडायला लावा. यंत्राच्या पितळी पट्टीवर कंपनीचा छाप असतो. अन्सोनियाचा म्हणजे वर्तुळातल्या चौकोनात इंग्रजी ए. पेटीत जुन्या स्क्रूची रिकामी भोकं दिसली तर आधी तिथे दुसरं यंत्र होतं असं समजा. तळाशी लाकडाचं पीठ दिसलं तर किंमत न विचारता पुढे चला. ते घड्याळ आपल्या घरातलं बाकी फर्निचरही खाईल. दुकानदार चालवून दाखवतो ते खरं, पण टोले पुरे बारा ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

एवढ्यात आतून भाऊजींची हाक आली. चहाची वेळ झाली होती म्हणे. कोणत्या घड्याळाप्रमाणे, ते त्यांनी सांगितलं नाही. वहिनी पाटी उचलून उठल्या, जाता जाता म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात भाचा येतोय. आणखी एक आणतोय म्हणाला. काय सांगू त्याला?"

सांगा की चावीचं आण. दोन तोंडांची किल्ली बरोबर आहे ना ते बघ, लंबक वेगळा काढून कपड्यात गुंडाळ, आणि विमानात हातातल्या सामानात ठेव. वायरचंच आणायचं असेल तर पाठीमागची पट्टी आधी वाच. पन्नास सायकल लिहिलेलं असेल तर घे. साठ लिहिलेलं असेल तर न्यू जर्सीतच राहू दे, तिथे ते बरोबर चालतं.